राखणदाराचं देणं: लोककथेतून अद्भुतकथा कशी लिहावी

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घराच्या गडग्यापलीकडे जांभ्या दगडाचा एक चिरा उभा आहे. त्याला शेंदूर नाही, नाव नाही, देऊळ तर नाहीच. लहानपणी मे महिन्यात आम्ही मुंबईहून पोचलो की पाय धुवायच्या आधी काका आजीला विचारायचा, "राखणदाराचा दिलंस मा?" आजी म्हणायची, "दिलंय." तेवढ्यावर विषय संपायचा आणि आम्ही पोरं रात्री खळ्यात निर्धास्त झोपायचो.

पुढे स्वतः कथा लिहू लागले तेव्हा कळलं, की त्या दोन वाक्यांत अख्खी कथा होती. कुणीतरी जमीन राखतं. त्याचं काही देणं लागतं. ते दरवर्षी पोचतं करावं लागतं. एखाद्या वर्षी राहून गेलं तर काय, ही धास्ती विचारणाऱ्याच्या आवाजात आहे. भुताचं वर्णन मात्र कुठेच नाही.

गेली काही वर्षं मी नव्यानं लिहिणाऱ्यांच्या कथा वाचते आहे. आपल्या मातीतलं काही लिहावं ही त्यांची ओढ खरी असते. पण कथा उघडली की अमावास्या, बंद पडलेली गाडी, पांढरी साडी, मोकळे केस. नाव हडळीचं असतं, पण ती आलेली असते टीव्हीवरच्या मालिकेतून. तीच कथा उचलून मेरठला किंवा मदुराईला नेली तरी त्यातला एक शब्द बदलावा लागणार नाही. त्यांच्यासाठी, आणि अजून पहिलं पान लिहायचं आहे त्यांच्यासाठी, हे लिहिते आहे. अद्भुतकथा हा शब्द मी इथे सैल वापरते. भयकथा, गूढकथा, फॅन्टसी, विज्ञानकथा, उद्याच्या महाराष्ट्राची कथा, सगळं त्यात आलं.

माझं सांगणं थोडक्यात असं: लोककथेतून भूत उचलू नका, नेम उचला. कोण कुणाचं काय देणं लागतं ते शोधा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: एक गाव, एक गोष्ट

सुरुवातीला हात आखडता ठेवा. एकाच कथेत वेताळ, साती आसरा, मुंजा आणि वर एक नागमणी असं आणलं की कुणाचाच धाक उरत नाही. कोकणात राखणदार, देवचार, गिरा. देशावर शिवेवरचा म्हसोबा, विहिरीच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड. प्रत्येकाची हद्द ठरलेली, वेळ ठरलेली, मागणं ठरलेलं. एक निवडा आणि त्याच्या गावाला जा. जाणं शक्य नसेल तर त्या गावचं माणूस शोधा. पुण्यात, ठाण्यात, दुबईत, कुठेही सापडेल.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. "तुमच्याकडे भुतं आहेत का हो?" असं विचारलंत तर शिकलेला माणूस हसून "छे छे" म्हणेल आणि म्हातारं माणूस गप्प बसेल. त्याऐवजी रोजच्या जगण्यातलं विचारा. दिवेलागणीनंतर कुठल्या वाटेनं जात नाहीत? नवीन विहीर खणताना आधी काय ठेवतात? बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री काय करतात? घर बांधताना कुणाला सांगावं लागतं? अशा प्रश्नांना लोक उत्तरं देतात, कारण त्यात श्रद्धा की अंधश्रद्धा असा निवाडा मागितलेला नसतो. मोबाइल पुढे धरून रेकॉर्डिंग सुरू करू नका. माझ्या मावशीनं मला सगळ्यांत चांगल्या गोष्टी सांगितल्या त्या सोलं सुकत घालताना, हात कामात असताना. नंतर परवानगी घ्या आणि त्याच दिवशी लिहून काढा, तिच्या शब्दांत. "ती घाबरली" असं लिहू नका. ती "माझ्या हातापायातला पाणी झाला" म्हणाली असेल तर तेच लिहा.

एकच गोष्ट बायकांना वेगळी विचारा आणि पुरुषांना वेगळी. देवळातल्या गुरवाकडे विचारा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वाडीतही विचारा. गोष्ट बदलते. जिथे बदलते तिथे खूण करून ठेवा, कथा बहुधा तिथेच दडलेली असते.

छापील साधनंही आहेत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळी घातली, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं जमवलेलं टिपण मात्र मागे राहिलं आणि एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते संकलित केलं. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. त्यात गावाचं नाव आहे, शाळामास्तराचा उल्लेखही आहे. प्रश्न साहेबाचे आहेत हे ध्यानात ठेवून वाचा, कारण त्यानं न विचारलेलं त्यात नाही. बायकांचं जग तर त्यात फारच थोडं. त्यासाठी जात्यावरच्या ओव्यांकडे वळा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या कितीतरी आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकायला मिळतात. दळताना बाई कुणाला काय बोलते हे ऐकलंत, की तुमच्या पात्रांच्या तोंडी पुस्तकी वाक्यं येणं थांबेल.

दुसरी पायरी: नेम वेगळा काढा

आता वहीच्या पानावर चार प्रश्न लिहा. कोण राखतं? त्याला काय द्यायचं? कधी? चुकलं तर काय?

सटवाई घ्या. बाळाच्या सहाव्या रात्री ती येते आणि कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. लिहिलेलं पुसता येत नाही. या नेमात किती जागा आहेत बघा. ती लिहिते, पण वाचतं कोण? कागद ठेवायला विसरलं तर ती लिहिते कशावर? जुळी असतील आणि ती एकदाच आली तर? आजच्या इस्पितळात, काचेच्या पेटीत ठेवलेल्या सातव्या महिन्यातल्या बाळाची सहावी रात्र कुठली मोजायची, जन्माची की घरी आल्याची?

चकव्याचा नेम याहून साधा. रात्री ओळखीच्या वाटेवर माणूस फिरत राहतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. मुकाट बसून उजाडायची वाट पाहायची, एवढाच उपाय. इथे देणं आहे ते वेळेचं. घाई असलेल्या माणसाला चकवा लागला की कथा आपोआप ताणली जाते, तुम्हाला रक्त सांडावं लागत नाही.

मुंजाकडे बघताना जरा थांबा. मुंज झालेला, लग्न न झालेला मुलगा मरतो आणि पिंपळावर राहतो. समंध आपल्या धनाभोवती घोटाळतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते किंवा आलवंतीण. या भुतांना जात आहे, वय आहे, बाई-पुरुष भेद आहे, इस्टेट आहे. ज्याचं जे राहून गेलं त्यावरून त्याचं नाव पडलं. समाजानं कुणाला काय नाकारलं याची ही यादीच आहे, आणि ती वाचता आली की तुमच्या कथेला पाया मिळतो. मी ही यादी पहिल्यांदा अशी वाचली तेव्हा दोन दिवस माझ्यानं दुसरं काही लिहवलं नाही.

तिसरी पायरी: एकच खिळा हलवा

या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण नवा लेखक सर्वांत जास्त इथेच अडतो.

वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा वाहतात, माणसाच्या पायात कधीच होणार नाहीत एवढ्या मोठ्या. देव रात्री गावावर फेरी मारतो, चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून नव्या लागतात, अशी श्रद्धा. मला विचाराल तर जगातल्या कुठल्याही पुराणकथेच्या शेजारी ठेवावी अशी ही कल्पना आहे. देवाच्या सामर्थ्याचा पुरावा काय, तर झिजलेला तळ.

आता तुम्ही एक कल्पित गाव घ्या. खऱ्या देवळाला कथेत ओढू नका, तिथे खरी माणसं नवस बोलतात. तुमच्या गावातही असाच फिरता देव आहे आणि दरवर्षी त्याच्या वहाणा करणारं एक चांभाराचं घर आहे. नेम तसाच ठेवायचा: देव आपल्या माणसांना राखतो, रात्री फिरतो, कोंबडा आरवायच्या आत परततो, वहाणा झिजतात. हलवायचा एकच खिळा.

तो मी असा हलवून पाहिला. यंदा जुन्या वहाणांच्या तळाला गावची तांबडी माती नाही. डांबर आहे.

बस. आणखी काही बदलायचं नाही. आता नेमच कथा ओढत नेईल. डांबर कुठलं? देव आपल्या माणसांना राखतो आणि त्याची माणसं आता लालबागला, भांडुपला, नालासोपाऱ्याला आहेत. गावात उरलीत दहा-बारा म्हातारी. म्हणजे देव चाकरमान्यांच्या मागोमाग जातो आहे. मुंबई तिथून सुमारे ५०० किलोमीटर. कोंबडा आरवायच्या आत एवढं जाऊन येणं होईल? नसेल तर तो दिवेलागणीच्या आधीच निघत असणार, आणि उशिरा परतत असणार. मग सकाळच्या पूजेला गाभाऱ्यात असतं कोण? आणि देव मुंबईत असताना गावाच्या शिवेवर कोण उभं असतं? जे इतकी वर्षं बाहेर होतं ते आता आत येऊ शकतं. पुजाऱ्याला हे कबूल करता येणार नाही. चांभाराला ठाऊक आहे, पण त्याचं म्हणणं देवळाच्या पायरीपर्यंत तरी पोचतं का? पिढ्यानपिढ्या देवाच्या वहाणा करणाऱ्या घराला गाभाऱ्यात जाता येत होतं का, हा प्रश्न इथे आपसूक उभा राहतो, आणि तो टाळून पुढे गेलात तर कथा लंगडी होईल.

एवढं सगळं एका खिळ्यातून निघालं. तुम्ही दोन खिळे हलवले असते, म्हणजे देव मुंबईला जातो आणि शिवाय चांभाराच्या मुलाला मेलेली माणसं दिसतात, तर वाचकानं कशावर विश्वास ठेवायचा?

खिळा नीट हलला की नाही हे ताडायची माझी एक रीत आहे. कथा जेवताना घरातल्या कुणालाही तीन वाक्यांत सांगायची. समोरच्यानं "मग?" असं विचारलं तर ठीक. "म्हणजे काय?" विचारलं तर परत वहीकडे.

चौथी पायरी: पहिलं पान

माझी पहिली कथा एका संपादकांनी परत पाठवली तेव्हा समासात तीनच शब्द होते: "हे गाव कुठलं?" मला तेव्हा राग आला होता. आता तोच प्रश्न मी दुसऱ्यांच्या समासात लिहिते.

वरच्याच कल्पनेवर नवा लेखक साधारण असं लिहितो:

"अमावास्येची काळीकुट्ट रात्र होती. रातकिडे किर्र ओरडत होते. अचानक म्हाताऱ्याला देवळातून एक भयाण आवाज ऐकू आला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला."

आणि असं लिहून पाहा:

"वहाण उलटी करून त्यानं रापीच्या टोकानं तळ खरवडला. दरसाल तांबडी माती भुरभुरत मांडीवर पडायची. यंदा रापी चिकटली. त्यानं बोट नाकाशी नेलं. डांबर. टाचेच्या शिवणीत कागदाचा कपटा रुतला होता, तो आरीनं उकरून काढला. रेल्वेचं तिकीट. फाटून उरलेलं एकच नाव वाचता येत होतं: भांडुप. त्याचा थोरला तिथे राहायचा. चार महिने त्याचा फोन नव्हता."

दुसऱ्या उताऱ्यात रात्र नाही, आवाज नाही, काटा नाही. भरदुपारी एक माणूस आपलं काम करतो आहे. रापी आणि आरी हे त्याच्या हातातले शब्द आहेत. असे शब्द शब्दकोशात शोधत बसू नका, चपला शिवणाऱ्या माणसाशेजारी तासभर बसा. भीती शेवटच्या दोन वाक्यांतून येते, आणि ती भुताची नाही, मुलाची आहे. "अचानक", "भयाण", "विचित्र", "गूढ" हे शब्द पहिल्या खर्ड्यात येतील, येऊ द्या. दुसऱ्या खर्ड्यात एकेक काढत चला आणि प्रत्येकाच्या जागी एखादी वस्तू ठेवा.

बोलीला घाबरू नका. वाचकाला कळणार नाही म्हणून मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी पुसून टाकणारे लेखक मला भेटतात तेव्हा मला गुणाढ्याची दंतकथा आठवते. पैठणच्या सातवाहन राजानं त्याची कथा नाकारली, कारण ती पैशाची या हलक्या मानलेल्या बोलीत होती. गुणाढ्य रानात गेला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि आगीत टाकू लागला. जनावरं चरणं विसरून ऐकत बसली. राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस वाळकं निघू लागलं, तेव्हा चौकशी झाली आणि राजा धावला. सात लाख श्लोकांतले एक लाख तेवढे उरले होते. बोली पुसू नका. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा हवं तर, संवाद बोलीत ठेवा, आणि अडणारा शब्द आजूबाजूच्या वाक्यांतून कळेल असा बसवा. कथेखाली शब्दार्थ देऊ नका.

आपल्याकडे सांगण्याचे घाटही तयार आहेत, नुसता माल नाही. कोकणातलं गाऱ्हाणं बघा. एक जण देवाला हाक घालून गावाचं सुखदुःख मांडतो आणि दर वाक्याला बाकीचे "होय म्हाराजा!" म्हणतात. अख्खी कथा गाऱ्हाण्यात सांगता येईल. सुरुवातीला सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. मग एका वाक्याला कुणीच म्हणत नाही. ते वाक्य कुठलं, एवढं तुम्ही ठरवा.

श्रावणातल्या कहाण्या माझ्या फार लाडक्या. खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजानं देवाचा गाभारा दुधानं भरायचा ठरवलं आणि गावातलं सगळं दूध मागवलं. धाकानं लोकांनी घरात थेंब ठेवला नाही, पोरं उपाशी, वासरं उपाशी. गाभारा भरला नाही. मग एक म्हातारी आली. तिनं आधी मुलांना पाजलं, वासरांना पाजलं, घरच्यांना दिलं आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन आली. तिनं ते ओतलं आणि गाभारा भरला. नेम काय? उपाशी घरचं सगळं दिलं तरी पोचत नाही, भरल्या घरचं उरलेलं पोचतं. आता दुधाच्या जागी पाणी ठेवा. शंभर वर्षांनंतरचा मराठवाडा, सगळ्या धरणांचं पाणी एका शहराच्या टाकीकडे वळवलेलं, आकडे बरोबर, पंप चालू, आणि टाकी भरत नाही. अभियंते गळती शोधून थकले. ही कथा "आटपाट नगर होतं" या चालीत लिहा, छोट्या वाक्यांत, नावं न देता. पंपाचा आणि सेन्सरचा उल्लेखही त्याच चालीत येऊ द्या. शेवटी "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी" एवढंच लिहून थांबलात, तर "सुफळ संपूर्ण" म्हणायचं की नाही हे मराठी वाचक स्वतः ठरवेल. परक्या भाषेतल्या लेखकाला ही सोय नाही.

विज्ञान किती घ्यावं

लोणारचं सरोवर उल्का आदळून झालं. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, बेसाल्टमधलं, पाणी खारट आणि क्षारयुक्त. तिथलेच लोक सांगतात की लवणासुर जमिनीखाली दडून राहायचा, विष्णूनं झाकण उडवून त्याला मारलं. दैत्यसूदनाचं देऊळ गावात उभं आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झालं असं तपासणीत निघालं.

नवा लेखक इथे हमखास म्हणतो: म्हणजे लवणासुर ही उल्काच! असं लिहिलंत की दोन्ही गोष्टी मरतात. दैत्य उरत नाही आणि उल्केचं नवलही जातं. दोघांनाही खरं राहू द्या. पाण्याचे नमुने घेणारी मुलगी सूक्ष्मजीवांची नावं अचूक सांगेल, आणि तिची आजी त्या आठवड्यात पाण्याकडे पाठ करून बसेल. दोघी एकाच घरात जेवतात. तुमची कथा त्या जेवणाच्या ताटांमध्ये आहे.

कोकणच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची, कातळशिल्पं याहूनही मोकळं रान आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या नऊ जागा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. काशेळीला एक प्रचंड हत्ती कोरला आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. काही ठिकाणी गेंडा दिसतो, जो आज कोकणात नाही. देवाचे गोठणे इथल्या सड्यावर होकायंत्राची सुई भरकटते. ही चित्रं कुणी काढली, ती माणसं कुठे गेली, त्यांची एकही गोष्ट आपल्यापर्यंत शब्दांत पोचलेली नाही. म्हणून इथे लोककथा वापरायची नाही, रचायची आहे. पण नेमाचे चार प्रश्न इथेही तेच. हत्तीच्या पोटात प्राणी कोरणारा माणूस कुणाचं काय देणं फेडत होता?

एक पथ्य पाळा. कातळशिल्पं पाहायला गेलात तर त्यांवरून चालू नका, रेघा ठळक दिसाव्यात म्हणून खडूनं गिरवू नका.

कुणाची गोष्ट, कुणावर उलटते

हा भाग लिहिताना माझा हात जड होतो. चेटकीण हा शब्द कथेत मजेचा वाटतो. गावात तो एखाद्या विधवेच्या, एकट्या म्हातारीच्या दारावर फेकला जातो, आणि मग तिची जमीन जाते किंवा जीव जातो. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात एखाद्याला करणी करणारा म्हणून छळणं हा गुन्हा आहे. तुमच्या कथेत चेटकीण असेल तर स्वतःला विचारा: उद्या हीच कथा पारावर वाचली गेली, तर कुणाच्या हातात दगड येईल? चेटकिणीची कथा लिहू नका असं मी म्हणत नाही. ती तिच्या उंबऱ्याच्या आतून लिहा.

तसंच आदिवासी पाड्यांवरच्या गोष्टींचं. वारली, कोकणा, गोंड समाजातल्या काही गोष्टी ठरावीक वेळी आणि ठरावीक माणसानंच सांगायच्या असतात. सांगणाऱ्यानं "ही लिहू नको" म्हटलं तर वही मिटा. ज्यानं गोष्ट दिली त्याचं नाव, त्याला चालत असेल तर, कथेच्या आरंभी द्या. मानधन मिळालं तर त्याचा वाटा पोचवा. देण्याघेण्यावर कथा लिहायची आणि आपलं देणं ठेवायचं, हे मला पटत नाही.

लिहून झाल्यावर

पहिली कथा दोन ते तीन हजार शब्दांची ठेवा. खर्डा झाला की पंधरा दिवस बाजूला, मग मोठ्यानं वाचा. लोककथा कानासाठी घडलेली असते, जिथे तुमची जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडलेलं असतं. युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉन्टमधल्या फाइली संपादकांकडे उघडतच नाहीत.

पाठवायला मराठीत दिवाळी अंकांसारखी जागा नाही. गूढ, भय आणि विज्ञानकथांना वाहिलेले अंक दरवर्षी निघतात. त्यांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा गणपतीनंतर कथा पाठवून उपयोग नाही. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानरंजन कथास्पर्धा आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप या नावानं त्याच स्पर्धेत कथा पाठवली होती आणि बक्षीस मिळवलं होतं. नाव नवं असलं तरी कथा वाचली जाते.

पाठवायच्या आधी मात्र एक फेरी करा. ज्या माणसाकडून गोष्ट घेतलीत, त्याला कथा वाचून दाखवा. मी माझी राखणदाराची कथा मावशीला वाचून दाखवली, पडवीत, ती फणसाचे गरे काढत असताना. पंचवीस मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. संपल्यावर हाताचा चीक खोबरेल तेलानं पुसत म्हणाली, "बरी आसा. पण तो काठी आपटीत चलता. तू ताका गप चलयलंस. गप चलणारो राखणदार नसता, चोर असता."

मी कथा परत उघडली आणि तीन ठिकाणी काठीचा आवाज घातला.